आई-बाप ऊसतोडीला गेलेत, नऊ वर्षांचा नातू आजीजवळ आहे. शाळेला जाताना रोज पोट दुखतं म्हणतो, मारामाऱ्या करतो. काय करावं?

आधी हट्टी म्हणणं थांबवा. सहा ते बारा वयात मूल स्वतःला इतरांशी ताडून पाहायला लागतं: कुणाला गणित येतं, कुणाचे आई-बाप गावात आहेत. भावना लपवणं जमतं, सांगणं जमत नाही. म्हणून उदासी चिडचिडीतून किंवा पोटदुखीतून बाहेर पडते. पोट खरंच दुखतं, नाटक नसतं. तरी एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या.

फडावरून रोज फोन जमत नाही. मग आठवड्यातले दोन वार आणि वेळ ठरवा, पण ती मोडू नका. कबूल केलेला फोन आला नाही की पोरगं रात्रभर वाट पाहतं आणि पुढच्या वेळी बोलतच नाही. पट्टा पडायला, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपायला, किती दिवस उरलेत, ते त्यालाच कॅलेंडरवर मोजू द्या.

"मोठा झालास, रडतोस काय?" हे घरात कुणीच म्हणू नये. "आईची आठवण येते ना?" एवढं विचारून आजीनं जवळ बसावं, लगेच समजूत घालू नये.

एक पूर्ण काम त्याच्याकडे द्या, उदा. शेरडांना पाणी पाजणं. या वयात "मला जमतं" ही भावना फार मोलाची असते. मारामारीबद्दल शिक्षकांना घरची परिस्थिती सांगा. वर्गात एक पक्का मित्र असला तरी पुष्कळ फरक पडतो.

दोन आठवड्यांत झोप-जेवण सुधारलं नाही किंवा अंथरूण पुन्हा ओलं व्हायला लागलं, तर टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा. मोफत आहे, मराठीत बोलतात.