जाताना साडेतीन तास, येताना दीड?

प्रश्न : सर, माझी पोरगी बँकॉकला हॉटेलात कामाला आहे. पुढच्या महिन्यात ट्रेनिंगसाठी सिंगापूरला चालली. तिकिटाचा फोटो पाठवला तिनं. जाताना विमान सकाळी 9.10 ला सुटून 12.35 ला पोचते. येताना दुपारी 2.10 ला सुटून 3.35 लाच बँकॉकात! वाटा दोन आहेत का, की एजंटानं बनावट तिकीट दिलं? अन् ती पोचल्यावर फोन केव्हा लावू? आमच्या घड्याळानं सांगा.
– एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, वाट एकच आहे आणि दोन्ही वेळचा प्रवासही सारखाच, 2 तास 25 मिनिटांचा. फरक आहे तो घड्याळांचा. सिंगापूरचं घड्याळ बँकॉकच्या एक तास पुढे चालतं आणि तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या गावची छापतात. म्हणून जाताना एक तास वाढलेला दिसतो, येताना तेवढाच कमी दिसतो.

बँकॉक ते सिंगापूर हवाई अंतर सुमारे 1400 किलोमीटर, म्हणजे नागपूर-मुंबईच्या हवाई अंतराच्या दुप्पट. जमिनीवरून गेलं तर मलेशिया ओलांडून अठराशेच्या वर. विमान वर ताशी साडेआठशेच्या आसपास उडतं, त्या हिशेबानं पावणेदोन तास पुरायला हवेत. पण धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, वर चढणं, उतरणं हे सगळं तिकिटावरच्या वेळेत धरलेलं असतं.

आता यातली खरी गंमत. शाळेच्या पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून पाहा, तो जवळपास सरळ दक्षिणेला उतरतो. रेखांशात फरक जेमतेम सव्वातीन अंशांचा, म्हणजे सूर्याच्या हिशेबानं तेरा-चौदा मिनिटं. मग घड्याळात तास कुठून आला? तो सरकारी निर्णयातून आला. मलेशियाच्या पश्चिम भागात आणि पूर्वेकडच्या सबा-सारावाक राज्यांमध्ये पूर्वी अर्ध्या तासाचा फरक होता. सगळ्या देशाची वेळ एक करायची म्हणून बँकॉकच्या आधीच अर्धा तास पुढे असलेली पश्चिमेची घड्याळं 1982 च्या 1 जानेवारीपासून आणखी अर्धा तास पुढे केली. शेजारच्या सिंगापूरनंही तेच केलं. आपल्याकडे जूनमध्ये साडेपाचला उजाडतं. तिथं बाराही महिने सातच्या आसपास सूर्य उगवतो. मुलीला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर सहाला उठून खिडकीत पाहील तर बाहेर अंधार.

तुमच्या भिंतीवरच्या घड्याळानं बँकॉक दीड तास पुढे, सिंगापूर अडीच तास. म्हणजे विमान आपल्या 7.40 ला सुटेल आणि 10.05 ला टेकेल. परतीचं 11.40 ला सुटून दुपारी 2.05 ला पोचेल. दोन्हीकडून मोजा, तेच 2 तास 25 मिनिटं येतात.

वेळांवरून तरी तिकिटात खोट दिसत नाही. तरी मनात शंका नको; बुकिंग नंबर विमान कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघायला मुलीला आजच सांगा. आणि एक गोष्ट तिच्याकडून नक्की पाहून घ्या : बँकॉकला विमानतळ दोन आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन म्युआंग, आणि दोन्ही एकमेकांपासून लांब. तिकिटावर कुठला आहे ते वाचूनच टॅक्सी करावी.

फोन अकराच्या सुमाराला लावा. उतरल्यावर पासपोर्टची रांग असते, सामान घ्यायचं असतं. त्याआधी लागला नाही तर घाबरू नका, घरातल्यांनाही तसं सांगून ठेवा.