घुबडाचा रस्सा

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तू डंजन्स अँड ड्रॅगन्स चालवतेस, म्हणजे फासे टाकून तोंडी गोष्ट रंगवायचा तो खेळ. त्या रविवारच्या खेळात एका पोट्ट्याने दुसऱ्या पोरीच्या गोष्टीतल्या घुबडाचा रस्सा करायला घेतला, सगळे हसून बेजार झाले आणि पुढच्या रविवारी घुबडवाली आलीच नाही. आता तू विचारतेस, 'काका, हे खाण्याचे विनोद बंदच करून टाकू का?'

बंद करू नको. वऱ्हाडातली चार पोरं एका सतरंजीवर बसली आणि जेवणाचा विषय निघाला नाही, असं होत नसते. खेळातही भूक पहिल्यापासून आहे. गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी 1974 साली ड्रॅगनचा हा खेळ काढला, त्यातल्या सामानाच्या यादीतही तलवारी-दोरखंडांसोबत शिधा होताच.

पण तू नियम नीट वाचला नाहीस, त्याचा मला जास्त राग आला. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत तिच्या घुबडासारखा फॅमिलिअर, म्हणजे जादूगाराचा सोबती, हा प्राण्याचं रूप घेतलेला आत्मा असतो. त्याचे प्राण शून्यावर आले की तो नाहीसा होतो, मागे देह म्हणून काही उरत नाही. म्हणजे कांदा-खोबरं भाजून झालं, मसाला पाट्यावर वाटून झाला आणि गंजात नुसती फोडणी! बरं, त्याला परत बोलवायला काय लागतं ते पाहा: 10 सोन्याच्या नाण्यांचा कोळसा, धूप आणि वनस्पती, पितळी शेगडी आणि एक तास. अर्धा स्वयंपाक तर तिथंच मांडलेला आहे. तासाभराने ते घुबड त्याच धुरातून येणार आणि आचाऱ्याकडे टक लावून बसणार. शिवाय 100 फुटांच्या आत असेल तर मालकिणीला त्याच्या डोळ्यांनी दिसतं. तू तिला एवढंच विचारायचं होतंस, 'बाई, गंजाच्या आतून काय दिसून राहिलं?' मग हसवायची पाळी तिची आली असती.

जादूच्या जेवणात तर विनोद आयताच भरलेला आहे. क्रिएट फूड अँड वॉटर या मंत्राने 45 पौंड अन्न तयार होतं, म्हणजे वीसेक किलो. पंधरा माणसं दिवसभर जगतील, पण ते बेचव असतं असं पुस्तकातच लिहिलं आहे. आमच्या टोळीने एकदा भुताळ्या किल्ल्यासमोर अशी पंगत मांडली. पहिल्या घासालाच एक जण म्हणाला, "याच्यापेक्षा उपाशी मेलो तं बरं." मग जादूगाराला आठवलं की प्रेस्टिडिजिटेशन या छोट्या मंत्राने चव देता येते. एका वेळी एक घनफूट, टिकणार एक तास. एक घनफूट म्हणजे मोठा गंज भरेल एवढंच. आता सावजीची तर्री त्या एका गंजात आणि बाकीच्यांच्या पानात पांढरा लगदा. राक्षस वर बुरुजावर वाट पाहत राहिला आणि खाली अर्धा तास भांडण, गंजाजवळ कोण बसणार यावर. मी मध्ये एक शब्द बोललो नाही. डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, असं गप्प बसणं शिकायला मला चार वर्षं लागली.

गुडबेरी मंत्राचंही तसंच. दहा बोरं, एका बोरात दिवसाचं जेवण. आपल्या कोणत्याही आजीला हे पटवून दाखव.

पॉलिमॉर्फ, म्हणजे रूप पालटायचा मंत्र, करणाऱ्यांवर मात्र नजर ठेव. वातापीची गोष्ट ऐकलेली पोरं आहेत ही. इल्वल भावाला मेंढा करून पाहुण्यांना वाढायचा आणि मग हाक मारून त्यांचं पोट फाडून बाहेर काढायचा. अगस्तीने पचवला, तेव्हा कुठे थांबलं. आमच्याकडे दोघांनी तोच बेत केला. एक बोकड झाला आणि दुसऱ्याने तो राक्षसाला विकला. मी राक्षसिणीच्या तोंडून म्हटलं, "फार वाळलाय, दिवाळीपर्यंत चारू." मंत्र टिकतो एक तास. कडबा चघळत बसलेला तो पोरगा घड्याळाकडे पाहून असा घाबरला, की विचारू नको.

त्याच आवृत्तीत रेंजरचा, म्हणजे रानावनात फिरणाऱ्या लढवय्याचा, प्राणी वेगळा. तो खरा, हाडामांसाचा असतो. तो मेला तर रेंजरला आठ तास घालवून दुसरा जोडता येतो, पण मेलेला मेलेलाच. तिथं मी एकदा माती खाल्ली.

मृग तोंडावर होता. एका पोराच्या रेंजरसोबत चांदी नावाची बकरी होती. मी खेळातल्या खानावळवाल्याला सगळ्यांना मटण वाढायला लावलं आणि शेवटी म्हटलं, "कशी लागली चांदी?" सगळे खिदळले. त्याने सतरंजीवरचे तीन फासे उचलले, सुपारीच्या डबीत टाकले आणि झाकण दाबलं. ते बसेना. दुसऱ्यांदा दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं. "काका, ढोरं यायची वेळ झाली," म्हणाला आणि गेला. त्याच्या घरची खरी चांदी त्याच आठवड्यात बियाण्याच्या पैशांसाठी बाजारात विकली होती, हे मला दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच कोणाकडून कळलं.

आठ दिवसांनी मी त्याच्या धुऱ्यावर गेलो. माफी मागता येईना, म्हणून विचारलं, "चांदी परत आणायची तं कशी आणावं?" तो धसकटं वेचत राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "ते चांदी नव्हतीच. त्यानं दुसरंच मटण वाढलं. चांदी तं मागच्या खोलीत त्याची उधारीची वही खाऊन राहिली होती."

पुढच्या रविवारी खानावळवाला आमच्याकडे पैसे मागायला आला, तर त्याच्या हातात नुसता पुठ्ठा. आजही आमच्याकडे कोणी उधारी मागितली की पोट्टे चांदीचं नाव घेतात. ते नाव काढायचा पहिला मान त्या पोराचाच.

तुमच्यात माळ घातलेली कोणी असेल तर पंगत तिच्यासाठी आलू-वांग्याची ठेव, त्यात काही बिघडत नाही. आणि बैलावर असला विनोद आपल्या गावात मी करणार नाही. पोळ्याला ज्याला पुरणपोळी चारतो त्याला गंजात कसं घालू?

येत्या रविवारची वाट पाहू नको. उद्याच घुबडवालीच्या घरी जा. फासे नेऊ नको, वही-पेन ने. रस्सा उकळत असताना घुबड काय करत होतं, एवढं तिला विचार आणि ती सांगेल ते तसंच लिहून घे. त्या पोट्ट्याने वाटलेल्या मसाल्याचं काय झालं, हेही तिलाच ठरवू दे.

मला कळव.

तुझा,
काका