अमेरिकेतले ४०१के आणि बावधनचा फ्लॅट: ३१ मार्चच्या आत काय काढावे?

प्रश्न: मी ४६ वर्षांचा आहे. २०१० मध्ये एच-१बी व्हिसावर अमेरिकेला गेलो, न्यू जर्सीत नोकरी केली आणि १५ जून २०२४ रोजी कुटुंबासह कायमचा पुण्याला परतलो. ग्रीन कार्ड कधी मिळाले नाही. आता हिंजवडीत नोकरी करतो आणि कोथरूडला आई-वडिलांकडे राहतो. जुन्या कंपनीच्या ४०१के, म्हणजे नोकरदारांच्या निवृत्तिनिधीच्या खात्यात माझे सुमारे १,९०,००० डॉलर आहेत. शिवाय एक रॉथ आयआरए, म्हणजे कर भरून झालेल्या पैशांतून उघडलेले वैयक्तिक निवृत्तिखाते आहे. त्यात मी २८,००० भरले, त्याचे आज ४१,००० झाले आहेत. बावधनला फ्लॅट घेतोय, त्यासाठी ४०१केमधून ६०,००० डॉलर काढायचा विचार आहे. एक मित्र म्हणतो, घरासाठी काढले तर दंड नसतो. दुसरा म्हणतो, भारत-अमेरिका करारामुळे तिकडे कर शून्य. सीएने गेल्या वर्षी आयटीआर-१ भरला, त्यात या खात्यांचा उल्लेखच नाही. त्याबद्दल दहा लाखांचा दंड होतो असे ऐकून झोप उडाली आहे. परतण्याआधीच्या पाच वर्षांत दोनदाच आलो होतो: २०२१ च्या अखेरीस आईच्या आजारपणात सहा आठवडे आणि २०२३ मध्ये बहिणीच्या लग्नाला तीन आठवडे. त्यानंतर देशाबाहेर गेलेलो नाही. काय करू? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर: आधी झोपेचा प्रश्न सोडवू. काळा पैसा कायदा, २०१५ मधला दहा लाखांचा दंड परदेशी मालमत्ता रिटर्नमध्ये न दाखवल्याबद्दल आहे हे खरे. पण ती दाखवण्याची सक्ती भारताच्या 'सर्वसाधारण रहिवाशा'वर असते. तुम्ही २०२४-२५ मध्ये रहिवासी झालात, तरी सर्वसाधारण रहिवासी झाला नव्हता. आधीच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षे जो अनिवासी होता, त्याला कायदा 'रहिवासी, पण सर्वसाधारण रहिवासी नाही' असा दर्जा देतो. सीए मंडळी त्याला आरएनओआर म्हणतात. तुम्ही २०२४-२५ आणि २०२५-२६ या दोन्ही वर्षी आरएनओआर होता.

मग चूक कुठे झाली? फॉर्म निवडण्यात. आरएनओआर व्यक्तीला आयटीआर-१ भरताच येत नाही, तिच्यासाठी आयटीआर-२ असतो. फॉर्मवर चुकीची खूण केल्याने तुमचा दर्जा मात्र बदलत नाही, तो भारतातल्या दिवसांवर ठरतो. तेव्हा २०२५-२६ चे रिटर्न ३१ जुलैच्या आत आयटीआर-२ मध्ये, योग्य दर्जा लिहून भरा. गेल्या वर्षाबद्दल विभागाचा संदेश आलाच, तर पासपोर्टच्या प्रती जोडून उत्तर देता येईल. घाबरून खाती बंद करण्याची गरज नाही.

आता चालू वर्षाकडे, म्हणजे १ एप्रिल २०२६ ते ३१ मार्च २०२७ कडे येते. तुमचा सगळा निर्णय या वर्षातल्या तुमच्या दर्जावर उभा आहे. नऊ वर्षांची कसोटी यंदा लागू होत नाही, कारण मागच्या दहांपैकी आठच वर्षे अनिवासाची उरतात. पण दुसरी कसोटी आहे: मागच्या सात वर्षांत भारतात एकूण ७२९ दिवस किंवा त्याहून कमी राहिला असाल, तरी तुम्ही आरएनओआरच. १५ जून २०२४ ते ३१ मार्च २०२५ हे २९० दिवस होतात. पुढचे पूर्ण वर्ष ३६५ दिवसांचे. बेरीज ६५५. आजारपणाचे सहा आठवडे आणि लग्नाचे तीन धरले तर आणखी ६३, म्हणजे ७१८. अकरा दिवस शिल्लक राहतात.

अकरा दिवस म्हणजे फार नाही. त्यामुळे हे आठवणीवर सोडू नका. पासपोर्ट काढा, जुना रद्द झालेलाही काढा आणि १ एप्रिल २०१९ पासूनचा प्रत्येक शिक्का कागदावर उतरवा. आल्याचा आणि गेल्याचा असे दोन्ही दिवस धरा. 'सहा आठवडे' प्रत्यक्षात चौपन्न दिवस निघाले किंवा मध्येच एखादी विसरलेली फेरी सापडली, तर पुढचे बरेचसे गणित बदलेल. तुमच्या प्रकरणात माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा कागद आहे. तो तयार झाल्याशिवाय अमेरिकेतल्या कंपनीला अर्ज करू नका.

दिवस ७२९ च्या आत बसले, तर ३१ मार्च २०२७ पर्यंत अमेरिकेतून काढलेल्या रकमेवर भारतात कर नाही. अट एकच: पैसे आधी भारताबाहेर तुमच्या हातात आले पाहिजेत. आरएनओआरचे परदेशी उत्पन्न थेट भारतात मिळाले तर करपात्र होते. ४०१के सांभाळणाऱ्या कंपन्या पुष्कळदा नोंदलेल्या पत्त्यावर चेक पाठवतात आणि तुमचा नोंदलेला पत्ता आता कोथरूडचा असणार. म्हणून रक्कम अमेरिकेतल्या तुमच्या बँक खात्यातच जमा करायला लेखी सांगा. तिथून नंतर पुण्याला पाठवली, की ती फक्त तुमच्याच पैशांची ने-आण ठरते. हे खाते चालू ठेवायला फेमा हा परकीय चलनाचा कायदा आड येत नाही. अनिवासी असताना मिळवलेली परदेशी मालमत्ता परतल्यावरही बाळगण्याची मुभा त्या कायद्याच्या कलम ६(४) मध्ये आहे.

अमेरिकेची बाजू. वय साडेएकोणसाठ होण्याआधी ४०१केमधून पैसे काढले, तर नेहमीच्या आयकरावर १० टक्के जादा कर लागतो. लोक त्याला दंड म्हणतात. तो भरला की विषय संपतो, त्यात गुन्ह्याचा भाग काही नाही. तुमच्या पहिल्या मित्राचे म्हणणे ४०१केला लागू नाही. घरासाठी दंडमाफी आहे ती आयआरएमधून काढलेल्या १०,००० डॉलरपुरती, आणि तीही पहिल्या घराच्या व्याख्येत बसणाऱ्यालाच. नोकरी सोडल्यावर ५५ व्या वर्षापासून मिळणारी सूटही तुम्हाला नाही, कारण ती नोकरी तुम्ही ४४ व्या वर्षी सोडलीत.

दुसऱ्या मित्राचा सल्ला जास्त धोक्याचा आहे. भारत-अमेरिका करारातल्या कलम २० नुसार खासगी पेन्शनवर फक्त राहत्या देशात कर लागतो, इथवर तो बरोबर आहे. पण त्याच कलमात पेन्शनची व्याख्या ठरावीक काळाने नियमित मिळणारी रक्कम अशी आहे. फ्लॅटसाठी एकदम किंवा दोनदा उचललेली रक्कम त्यात बसत नाही. परदेशी व्यक्तीने पैसे देणाऱ्या कंपनीला द्यायच्या डब्ल्यू-८बेन फॉर्मवर या कलमाचा हवाला देऊन कर शून्य करून घेतलात, तर तुम्ही चुकीच्या विधानाखाली सही केलेली असेल.

तुमचे मूळ गणित तसेच चालवले तर काय होईल ते पाहा. ६०,००० काढले की अमेरिकेच्या लेखी अनिवासी म्हणून ३० टक्के, म्हणजे १८,००० डॉलर आधीच कापले जातील. इतका कर मात्र लागत नाही. ही रक्कम तुम्ही अमेरिकेत केलेल्या नोकरीशी जोडलेली असल्याने १०४०-एनआर हे अनिवासींसाठीचे अमेरिकी रिटर्न भरून टप्प्यांच्या दराने कर लावून घेता येतो. २०२६ चे टप्पे असे: १२,४०० डॉलरपर्यंत १० टक्के, ५०,४०० पर्यंत १२, त्यापुढे २२. प्रमाणित वजावट तुम्हाला मिळणार नाही. तरी कर ८,००० च्या जरा आत येतो. त्यात दंडाचे ६,००० मिळवा. जवळपास १४,००० गेले आणि ४,००० परत मागायचे. न्यू जर्सीला यातले काही मिळणार नाही, कारण राज्याबाहेर गेलेल्यांच्या निवृत्तिनिधीवर राज्यांनी कर लावू नये असा अमेरिकी केंद्राचा कायदा १९९६ पासून आहे.

मी तुमच्या जागी असते तर ४०१केला हात लावण्याआधी रॉथ उघडले असते. रॉथ आयआरएमधून पैसे काढताना आधी तुम्ही भरलेली मुद्दल बाहेर येते असे अमेरिकी कायदाच मानतो आणि त्या मुद्दलीवर ना कर, ना दंड, वय काहीही असो. म्हणजे २८,००० डॉलर तुम्हाला फुकट सुटतात. मुद्दल किती होती हे दाखवणारे दरवर्षीचे फॉर्म ५४९८ शोधून ठेवा. कंपनीने तरीही काही कापले, तर त्याच कागदांवर परत मागता येईल.

उरलेले ३२,००० डॉलर ४०१केमधून घ्या, पण दोन तुकड्यांत: १६,००० डिसेंबर २०२६ मध्ये आणि १६,००० जानेवारी २०२७ मध्ये. अमेरिकेचे करवर्ष १ जानेवारीला बदलते, आपले ३१ मार्चला संपते. त्यामुळे दोन्ही तुकडे भारताच्या एकाच, सवलतीच्या वर्षात पडतात, पण अमेरिकेत दोन वेगळ्या वर्षांत. दर वर्षी कर साधारण १,७०० च्या आत आणि दंड १,६०० होतो. एकूण साडेसहा हजारांच्या आसपास. १४,००० च्या जागी साडेसहा, हा फरक मोठा आहे. बिल्डरच्या हप्त्यांचे वेळापत्रक करारनाम्यात या तारखांना जुळवून घ्या. जुन्या कंपनीची योजना थोडी थोडी रक्कम काढू देते का, हेही आत्ताच लेखी विचारा. काही योजनांत सगळी काढा नाहीतर काहीच नाही असा नियम असतो. तसे असेल, तर आधी संपूर्ण खाते पारंपरिक आयआरएमध्ये, म्हणजे पैसे काढताना कर लागणाऱ्या वैयक्तिक निवृत्तिखात्यात, वळवावे लागेल आणि त्याला वेळ लागतो.

दिवस ७२९ च्या पुढे गेले तर? रॉथमधली मुद्दल तरीही काढा, ती तुमची स्वतःची बचत आहे. ४०१केला मात्र शक्यतो हात लावू नका आणि फ्लॅटसाठी कर्ज थोडे जास्त घ्या. कारण मग भारतही कर लावेल. अमेरिकेतल्या आयकराची वजावट मिळेल, पण तो १० टक्के जादा करही वजा होईल असे धरून चालू नका.

काहीही झाले तरी १ एप्रिल २०२७ पासून (दिवस ७२९ च्या पुढे गेले तर यंदापासूनच) तुम्ही सर्वसाधारण रहिवासी असाल. तेव्हापासून दोन्ही खाती परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दरवर्षी दाखवायची, आणि त्या वर्षापासून दहा लाखांचा दंड खरोखर तुमच्या वाट्याला येऊ शकतो. शिवाय, खात्यात नुसत्या वाढलेल्या उत्पन्नावर भारत दरवर्षी कर मागू शकतो. ४०१केसाठी यावर उपाय आहे. २०२१ च्या वित्त कायद्याने आणलेले कलम ८९ए अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडातल्या निवृत्तिखात्यांना लागू होते, आणि १ एप्रिल २०२६ पासून आलेल्या नव्या आयकर कायद्यातही ही सवलत ठेवली आहे. पर्याय निवडला की कर प्रत्यक्ष पैसे काढताना, अमेरिकेबरोबरच लागतो. हा अर्ज, जुन्या नियमांतला फॉर्म १०ईई, रिटर्नच्या मुदतीत द्यावा लागतो आणि एकदा दिला की मागे घेता येत नाही. तुम्ही अनिवासी किंवा आरएनओआर असताना खात्यात झालेली वाढ यातून वगळली जाते. म्हणून ३१ मार्च २०२७ रोजीच्या शिलकीचे विवरणपत्र उतरवून ठेवा. दहा-पंधरा वर्षांनी हा कागद तुम्हाला लाखो रुपये वाचवून देईल.

रॉथमध्ये उरलेल्या १३,००० ना हे छत्र बहुधा मिळणार नाही, कारण ही सवलत पैसे काढताना कर लागणाऱ्या खात्यांसाठी आहे आणि रॉथचे तत्त्व नेमके उलटे आहे. दरवर्षी त्यातल्या लाभांशाचा आणि नफ्याचा हिशेब द्यायची तयारी असेल, तरच ते ठेवा.

तुम्ही विचारले नाही, तरी एक गोष्ट सांगणे भाग आहे. अमेरिकेत न राहणाऱ्या परदेशी नागरिकाचा मृत्यू झाला, तर त्याच्या तिथल्या मालमत्तेला वारसा करातून सूट फक्त ६०,००० डॉलरपर्यंत आहे. त्यापुढचा दर ४० टक्क्यांपर्यंत चढतो आणि या करासाठी भारताचा अमेरिकेशी करारही नाही. वर सांगितले तसे काढूनही तुमच्या ४०१केमध्ये दीड लाखाहून जास्त डॉलर राहतील. या भीतीने आज सगळे काढून जादा कर भरा असे मी म्हणणार नाही, पण टर्म इन्शुरन्सची रक्कम ठरवताना हा आकडा धरा. आणि वारस म्हणून कोणाचे नाव लागले आहे ते तपासा. ४०१केमध्ये पत्नीचा हक्क अमेरिकी कायदाच राखतो, रॉथ आयआरएमध्ये राखतोच असे नाही. ते खाते लग्नाआधी उघडले असेल, तर पैसे काढायच्या अर्जासोबतच नाव बदलण्याचा फॉर्मही पाठवा.