डोके खाली धरून ठेवण्याचा प्रयत्न आधी थांबवा : गोल्फच्या स्विंगमध्ये शरीर उठण्याबाबत माझा अनुभव

शिरपूरचे भाऊ, तुमचा प्रश्न मी काल रात्री दोनदा वाचला. सात नंबरच्या आयर्नने (लोखंडी डोक्याच्या क्लबने) मारलेला चेंडू कधी वरच्या वर खरवडला जाऊन जमिनीलगत पळतो, कधी क्लबच्या मानेला लागून थेट उजवीकडे सुटतो, पन्नास चेंडू मारून झाले की कमरेच्या उजव्या बाजूला कळ येते, आणि सोबतचे सगळे जण तुमचे डोके वर येते एवढेच सांगतात, असे तुम्ही लिहिले आहे. डोके खाली कसे धरून ठेवावे, हा तुमचा प्रश्न आहे. आठ वर्षांपूर्वी पुण्यात नोकरीला असताना मी जवळजवळ याच शब्दांत हेच विचारत फिरत होतो आणि मला मिळालेल्या उत्तराने माझे सव्वा वर्ष वाया गेले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी प्रशिक्षक नाही आणि डॉक्टरही नाही. निवृत्तीनंतर यावल तालुक्यात केळीची शेती पाहतो, महिन्यातून एकदा पुण्याला जाऊन खेळतो आणि एरवी शेतातल्या जाळीत सराव करतो. तुमचा स्विंग मी प्रत्यक्ष पाहिलेला नाही, त्यामुळे माझा अंदाज चुकूही शकतो. तुम्ही उजव्या हाताने खेळता असे धरून लिहितो आहे. ग्रिप, चेंडूची जागा, नेम धरणे या गोष्टी तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात शिरत नाही.

माझे ठाम मत असे आहे की डोके वर येणे हा परिणाम आहे, दोष दुसरीकडे आहे. तुम्ही वर्णन केलेली सगळी लक्षणे एकत्र पाहिली, तर डाउनस्विंगमध्ये, म्हणजे क्लब खाली येताना, तुमचे नितंब चेंडूच्या दिशेने पुढे सरकत असावेत आणि त्यामुळे वाकलेली पाठ वेळेआधीच सरळ होत असावी. याला अर्ली एक्स्टेन्शन म्हणतात. हौशी खेळाडूंमध्ये हा दोष इतका आढळतो की गोल्फ खेळाडूंच्या शरीराचा अभ्यास करणाऱ्या टायटलिस्ट परफॉर्मन्स इन्स्टिट्यूटने स्विंगमधल्या नेहमीच्या दोषांची जी यादी केली आहे, तिच्यात त्याला स्वतंत्र स्थान आहे. नितंब पुढे आले की हातांना खाली येण्यासाठी शरीरासमोर जी मोकळी जागा लागते ती संपते, आणि मग शरीर उठून ती जागा कशीबशी तयार करते. ते पुरेसे उठले तर क्लब चेंडूच्या वरच्या भागाला लागतो, आणि हात बाहेर ढकलले गेले तर चेंडू क्लबच्या मानेला लागून शँक होतो. मनगटे वेळेवर उलटली तर हुक (चेंडू डावीकडे वळणे), न उलटली तर चेंडू सरळ उजवीकडे. म्हणजे चार वेगवेगळे वाटणारे खराब फटके एकाच मुळातून येतात, आणि माणूस चार वेगवेगळे उपाय शोधत बसतो.

आता माझी चूक सांगतो. पुण्यातल्या एका प्रशिक्षण केंद्रात मी दहा धड्यांचे पैसे आगाऊ भरले होते. पहिल्याच दिवशी माझे चार फटके पाहून मला सांगण्यात आले की डोके वर येते आहे, हनुवटी छातीला लावून ठेवा आणि चेंडू गेल्यावरही ती जागा पाहत राहा. मी आयुष्यभर शिस्तीत काम केलेला माणूस आहे, सांगितलेली गोष्ट पूर्ण मनापासून करतो, आणि नेमका तोच गुण इथे मला भोवला. हनुवटी छातीला चिकटवल्यावर खांदे वळायला जागा राहत नाही, कारण डावा खांदा हनुवटीखालून जायला हवा आणि तिथेच तो अडतो. खांदे वळले नाहीत म्हणजे बॅकस्विंग (क्लब मागे-वर नेणे) फक्त हातांनी होतो, क्लब वरून तिरका खाली येतो, आणि तो जमिनीत रुतू नये म्हणून शरीर आणखी जोराने वर उठते. मी जितका प्रामाणिकपणे डोके खाली दाबत होतो, तितका माझा मूळ दोष वाढत होता, आणि दर आठवड्याला मला तेच ऐकवले जात होते की अजून डोके वर येते आहे.

तिसऱ्या धड्यानंतर मी विचारले की माझे चित्रीकरण केले आहे, ते मला दाखवाल का. ते केंद्राच्या वापरासाठी आहे, असे उत्तर मिळाले. सहाव्या धड्यानंतर कमर दुखू लागल्याचे सांगितले, तेव्हा वयाचा परिणाम आहे, पट्टा बांधून या, असे सांगण्यात आले. मी पट्टा बांधून गेलो. उरलेल्या धड्यांचे पैसे परत मागितले, तर कार्यालयातून नियमांचा कागद पुढे करण्यात आला आणि ज्यांच्याशी बोलायला हवे होते ते दोन महिने भेटलेच नाहीत. पैशांचे दुःख आता राहिलेले नाही. परंतु शिकायला आलेल्या माणसाला त्याच्याच शरीराचे चित्र न दाखवता त्याच्याकडून सुधारणेची अपेक्षा करणे हे मला आजही अन्यायाचे वाटते. कोणीही कुठेही शिकवणी लावणार असेल तर पहिल्याच दिवशी विचारावे की माझे चित्रीकरण मला मिळेल का, आणि नाही म्हटले तर पैसे भरू नयेत.

डोके खाली धरून ठेवणे हा उत्तम फटक्याचा नियमही नाही. स्वीडनची गोल्फपटू अनिका सोरेनस्टॅम हिचे डोके चेंडूला क्लब लागतानाच लक्ष्याकडे वळलेले असे, आणि तिने १० मेजर, म्हणजे सर्वांत मानाच्या, स्पर्धा जिंकल्या. अमेरिकेच्या डेव्हिड डुव्हालची लकबही तशीच होती, आणि २००१ ची ब्रिटिश ओपन त्याने जिंकली. तुम्ही त्यांची नक्कल करावी असे मी म्हणत नाही. त्या दोघांची कंबर वाकल्या जागी राहून वळत होती, म्हणून डोके वळल्याने त्यांचे काही बिघडले नाही, एवढेच मला दाखवायचे आहे.

माझा दोष मला पहिल्यांदा दाखवला तो बॅग उचलणाऱ्या एका जुन्या कॅडीने. नवव्या होलवर तो अगदी संकोचत म्हणाला, "साहेब, डोकं नाही, तुमची बैठक पुढे येते." त्याने माझ्या मागे क्लबची मूठ नितंबांना टेकवून धरली आणि मला हळू स्विंग करायला सांगितले. खाली येताना मूठ आणि नितंब यांच्यात चांगली वीतभर फट पडली. सव्वा वर्षात जे समजले नव्हते ते त्या एका मिनिटात समजले.

पुढचा प्रश्न होता की बैठक पुढे का येते. माझ्या बाबतीत कारण उभे राहण्यातच होते. पाठ सरळ ठेवा, या सूचनेचा अर्थ मी छाती काढणे आणि कंबर आत दाबणे असा घेतला होता, कॉलेजात एनसीसीच्या परेडला उभे राहावे तसा. त्याने कमरेत खोल बाक पडतो, पोटाचे स्नायू सैल होतात, वजन चवड्यांवर जाते, आणि चवड्यांवर उभा असलेला माणूस वेगाने वळू लागला की पुढेच जातो. पाठ सरळ ठेवून वाकायचे ते कमरेतून नव्हे, खुब्यातून. आमच्याकडे केळीची कापणी चालू असताना बांधावर ठेवलेला वीस-पंचवीस किलोंचा घड उचलणारा मजूर पाहा. तो आधी नितंब मागे नेतो, गुडघे जरासे सैल सोडतो, आणि पाठ फळीसारखी ठेवून खाली जातो. चेंडूसमोर उभे राहताना वाकण्याची सुरुवात अगदी तशीच व्हायला हवी.

हे पडताळण्यासाठी एक सरळ काठी घ्या आणि पाठीवर उभी धरा, अशी की ती डोक्याच्या मागच्या भागाला, दोन खवाट्यांच्या मध्ये आणि माकडहाडाला अशी तीन ठिकाणी टेकेल. आता नितंब मागे ढकलत वाका. तिन्ही ठिकाणे टेकलेली राहिली पाहिजेत आणि कमरेपाशी काठीखाली तळहात जेमतेम सरकला पाहिजे. तिथे अख्खी मूठ मावत असेल तर माझ्यासारखाच तुमचा बाक जास्त आहे, मग बेंबी किंचित आत ओढा. काठी डोक्यापासून सुटत असेल तर तुम्ही पाठीतून वाकत आहात. वजन बुटाच्या नाडीच्या गाठीखाली येऊ द्या, हात खांद्यांखाली सैल लोंबू द्या, ग्रिपचे टोक आणि मांडी यांच्यात आयर्नसाठी एका मुठीएवढे अंतर ठेवा, आणि हनुवटी छातीपासून मूठभर वर असू द्या. चेंडूच्या फार जवळ उभे राहणे हेही शरीर उठण्याचे एक मोठे कारण आहे, आणि शँकची भीती बसलेला माणूस नकळत आणखी चुकीच्या जागी उभा राहतो.

यानंतरचा सराव भिंतीचा आहे. मी तो विहिरीवरच्या मोटरच्या खोलीच्या भिंतीला पाठ करून करत असे. क्लब न घेता, हात छातीवर आडवे ठेवून, वर सांगितल्याप्रमाणे वाका आणि दोन्ही नितंब भिंतीला हलके टेकवा. मागे वळताना उजवा नितंब भिंतीवर दाबला जाईल. खाली येताना पुढे न जाता डावा नितंब मागे येऊन भिंत घेईल, आणि शेवटी उजवा सुटेल. सुरुवातीला मला डावा नितंब भिंतीपर्यंत नेताच येत नव्हता, दोन्ही एकदम सुटत असत. सकाळी वीस आणि संध्याकाळी वीस वेळा, अगदी सावकाश, असे तीन आठवडे केल्यावर ती हालचाल अंगात बसली. क्लब घेऊन भिंतीजवळ हे करू नका, क्लब भिंतीवर आपटेल. क्लबसह करायचे तर मागे प्लास्टिकची खुर्ची ठेवा, तिची पाठ नितंबांना टेकेल अशी, आणि अर्ध्या स्विंगचे फटके मारा. पहिले दोन आठवडे चेंडू पूर्वीपेक्षाही वाईट लागेल, कारण हातांना अचानक मोकळी जागा मिळते आणि त्यांना तिची सवय नसते. त्या काळात कोणाबरोबरही स्पर्धेचा खेळ खेळू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

काही जणांची अडचण समजुतीची नसून शरीराची असते. टाचा जमिनीवर ठेवून उकिडवे बसता येते का ते पाहा. आपल्या आजोबांच्या पिढीला हे सहज जमत असे. खुर्ची आणि कमोड यांच्या सवयीने माझ्या पिढीतल्या अनेकांचे ते सुटले आहे, आणि ज्याला ते जमत नाही त्याला स्विंगमध्येही वाकलेली अवस्था टिकवणे जड जाते. दुसरी चाचणी घोट्याची. पायाचा अंगठा भिंतीपासून सुमारे १० सेंटिमीटर दूर ठेवून टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. गुडघा लागत नसेल तर पोटऱ्या आणि घोटे रोज ताणावे लागतील. तिसरी चाचणी डाव्या खुब्याची. खुर्चीवर बसून गुडघा जागचा न हलवता पाऊल बाहेर न्या आणि दोन्ही बाजूंची तुलना करा. डावीकडे ते फारच कमी जात असेल तर इम्पॅक्टच्या वेळी, म्हणजे चेंडूला क्लब लागताना, शरीराला वळायला वाटच मिळत नाही, आणि ते पुढे सरकते. अशा वेळी कितीही चेंडू मारून उपयोग नाही, आधी खुबा मोकळा करावा लागतो.

चित्रीकरणाबद्दल विशेष काळजी घ्या. मोबाइल तुमच्या उजव्या बाजूला, लक्ष्याच्या विरुद्ध दिशेला पण त्याच रेषेत, हातांच्या उंचीवर ठेवा. तो फार उजवीकडे किंवा डावीकडे असला तर चित्र खोटे बोलते, आणि बैठक पुढे आली नसतानाही आल्यासारखी दिसते. स्लो मोशन चालू करा. उभे राहिल्यावर नितंबांच्या मागच्या कडेला स्क्रीनवर कागदाची बारीक पट्टी चिकटवा, आणि चेंडूला क्लब लागतो त्या क्षणी पट्टी व नितंब यांच्यात फट आहे का पाहा. क्लबच्या तोंडावर थोडी टाल्कम पावडर लावली तर चेंडू कुठे लागतो तेही कळते.

आपल्या भागातल्या सरावाबद्दल दोन शब्द. एप्रिल-मे मध्ये सकाळी साडेसहानंतर आपल्याकडे उभे राहणे कठीण होते, आणि घामाने ग्रिप सरकू लागली की माणूस मूठ आवळतो, खांदे ताठ होतात आणि शरीर पुन्हा उठते. म्हणून उन्हाळ्यात वीस-पंचवीस चेंडूंवर थांबतो आणि भिंतीचा सराव घरात करतो. पावसाळ्यात काळ्या मातीवर थेट मारू नका. क्लब चिकटतो, पाय घसरतो आणि पाय घसरण्याच्या भीतीने वजन चवड्यांवर जाते. चटई टाकायची तर पायांखालीही त्याच जाडीची टाका, नाहीतर चेंडू पायांपेक्षा उंच राहतो आणि उभे राहण्याचे सगळे माप चुकते. जाळीसाठी रोपवाटिकेची शेडनेट एकेरी वापरू नका, जवळून मारलेला चेंडू ती फाडतो. मी ती दुहेरी करून सैल टांगली आहे.

कमरेच्या दुखण्याबद्दल मात्र माझ्या किंवा इथल्या कोणाच्याही शब्दावर राहू नका. कळ पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील किंवा पाऊल जड वाटत असेल तर खेळ थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि जाताना तुमच्या स्विंगचे चित्रीकरण सोबत न्या. टायगर वूड्सने एप्रिल २०१७ मध्ये कमरेवर चौथी शस्त्रक्रिया करून घेतली आणि २०१९ मध्ये मास्टर्स ही मेजर स्पर्धा जिंकली, हे उदाहरण देऊन दुखण्यातही खेळत राहा असे सांगणारे लोक भेटतात. त्याच्या मागे जे उपचार आणि जी माणसे उभी होती, ती आपल्या मागे नाहीत. मला दुखणे पूर्ण थांबायला चार महिने लागले, त्यातले पहिले सहा आठवडे मी एकही चेंडू मारला नाही.

तुम्ही आता एवढेच करा. या आठवड्यात काठीची चाचणी आणि उकिडवे बसून पाहणे, दोन्हींचे काय झाले ते इथे लिहा. वर सांगितल्याप्रमाणे काढलेले एक चित्रीकरण सात नंबरच्या आयर्नचे आणि एक ड्रायव्हरचे (सर्वांत लांब मारायच्या क्लबचे) टाका, चेहरा दिसला नाही तरी चालेल, पायांपासून डोक्यापर्यंत पूर्ण शरीर दिसू द्या. मी रात्री नऊनंतर पाहून उत्तर देईन.