रोजच्या चार किलोमीटरसाठी इंजिन ऑइल

नव्या स्पोर्ट्स कारबद्दल अभिनंदन! नाशिकात कॉलेज रोड ते गंगापूर रोड एवढंच रोजचं चालवणं असेल, तर किलोमीटर मोजून ऑइल बदलू नका. नवशिके इथेच चुकतात. इंजिनातल्या पाण्याच्या तापमानाचा काटा लवकर मधोमध येतो, पण ऑइल तापायला त्याहून बराच वेळ लागतो. तोवर तुम्ही घरी पोचलेले असता. मग आत साचलेली वाफ आणि पेट्रोल उडून न जाता ऑइलमध्येच मिसळतं, ऑइल पातळ होतं. म्हणून कंपनी वर्षभर म्हणत असली तरी मी दर सहा महिन्यांनी बदलतो, मीटरवर दोन हजारच भरले असले तरी.

कोणतं घ्यायचं? मॅन्युअलमध्ये लिहिलेला ग्रेड (ऑइल किती जाड-पातळ ते) आणि कंपनीची मान्यता असलेलं, फुल सिंथेटिक. बस्स. "स्पोर्ट्स कार आहे, जाड टाका" असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका. थंड इंजिनात जाड ऑइल वरपर्यंत उशिरा पोचतं, आणि तुमचं इंजिन बहुतेक वेळ थंडच असतं.

बदलताना:
- इंजिन कोमट असताना काढा.
- फिल्टर आणि ड्रेन वॉशर (ऑइल काढायच्या बोल्टाखालची चकती) दरवेळी नवेच.
- डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) वरच्या खुणेपुढे भरू नका. जास्तीचं ऑइलही नुकसान करतं.

आणि रविवारी सकाळी त्र्यंबकेश्वरला जाऊन या. पहिली पंधरा-वीस मिनिटं हळू, मग मोकळी सोडा. ऑइल नीट तापलं की पाणी उडून जातं. ऑइल भरायच्या झाकणाखाली लोण्यासारखा थर दिसला आणि कूलंटही (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी होत असेल, तर मात्र लगेच मेकॅनिकला दाखवा.