कोर तेवढेच, मग फरक कसला?

प्रश्न : माझ्या संगणकात २०१९ सालचा रायझन ५ ३६०० हा प्रोसेसर आहे. गेमसाठी रायझन ५ ५६०० घ्यावा का? दोन्हींत कोर (प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणारे भाग) सहाच आणि एल-३ कॅशही (प्रोसेसरमधलीच जलद मेमरी) ३२ एमबीच आहे.
– एक वाचक, इंदूर

उत्तर : फरक संख्येत नसून मांडणीत आहे. ३६०० मध्ये कॅशचे १६-१६ एमबीचे दोन भाग असून तीन-तीन कोर आपापल्या भागाशी जोडलेले असतात. २०२२ साली आलेल्या ५६०० मध्ये मात्र सहाही कोरना संपूर्ण ३२ एमबी थेट वापरता येते, त्यामुळे गेमला सतत लागणारी माहिती जवळच सापडते आणि मुख्य मेमरीकडे कमी वेळा जावे लागते. हा लाभ १०८०पी रिझोल्यूशनवर ठळक दिसतो. ४के पडद्यावर बहुतेक भार ग्राफिक्स कार्डावर पडतो, म्हणून कार्ड जुने असल्यास आधी तेच बदलावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोघांचेही सॉकेट (मदरबोर्डावर प्रोसेसर बसवण्याची जागा) एएम४ असल्याने मदरबोर्ड सहसा तोच चालतो, परंतु जुना प्रोसेसर काढण्यापूर्वीच बायोस (संगणक सुरू करणारे मदरबोर्डवरील सॉफ्टवेअर) अद्ययावत करून घ्यावे, अन्यथा संगणक सुरूच न होण्याची शक्यता असते. इंदूरचा मे महिना लक्षात घेता, त्याच वेळी कॅबिनेटमधील धूळही काढून घ्यावी.