लसीचं बिल आणि बंद केलेली पॉलिसी

प्रश्न: मी अंबडला एका कारखान्यात सुपरवायझर आहे, वय 44. हातात महिना 62 हजार येतात, घरखर्च 45 हजार. मोठी मुलगी 14 वर्षं 9 महिन्यांची, धाकटी साडेनऊची. डॉक्टरांनी दोघींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस सुचवली आहे, एका डोसाला जवळपास 11 हजार. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये ती बसत नाही. ओळखीचा एजंट लसीकरण असलेली ओपीडी पॉलिसी देतोय. ती काढून लस पुढच्या वर्षी दिली तर? कंपनीचं तीन लाखांचं कव्हर असल्यामुळे घरची सहा वर्षं जुनी मेडिक्लेम पॉलिसी मी गेल्या वर्षी बंद केली. त्या पैशांत भर घालून मुलींसाठी वर्षाला 1 लाख 20 हजार हप्त्याचा जीवन विम्याचा गॅरंटीड प्लॅन घेतला. मला चार वर्षांपासून शुगर आहे, पण नव्या फॉर्मवर ते लिहू नका असं एजंट म्हणतो.
(वाचक, पाथर्डी फाटा, नाशिक)

उत्तर: लस पुढच्या वर्षावर ढकलू नका. पहिला डोस पंधरावा वाढदिवस व्हायच्या आत दिला तर दोन डोसांत भागतं, त्यानंतर तीन लागतात. मोठीच्या हातात तीन महिने आहेत. थांबलात तर एक डोस अंगावर पडेल.

दोघींचे मिळून चार डोस. डॉक्टरांनी सांगितलेली महागडी लस घेतली तर 44 हजार. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक 2023 मध्ये बाजारात आली तेव्हा डोसाची छापील किंमत 2,000 रुपये होती. त्या हिशेबाने चार डोस 8 हजारांत होतात. महागडी लस हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूच्या नऊ प्रकारांवर चालते, सीरमची चारांवर. पण या कॅन्सरचे साधारण 70 टक्के रुग्ण ज्या 16 आणि 18 या दोन प्रकारांमुळे होतात, ते दोन्हींत आहेत. कोणती द्यायची ते डॉक्टरांशी बोलून ठरवा, मात्र 8 हजारांचा पर्याय आहे हे माहीत असू द्या. त्याआधी जवळच्या महापालिका दवाखान्यात किंवा नाशिकरोडच्या बिटकोत, या वयाच्या मुलींना ही लस मोफत मिळते का ते विचारून या.

मेडिक्लेम लसीचे पैसे का देत नाही? कारण तो मुळात दवाखान्यात दाखल झाल्यावरच्या खर्चासाठी असतो. बहुतेक पॉलिसींत लसीकरण सरळ वगळलेलं असतं, अपवाद कुत्रं वगैरे चावल्यानंतरच्या लसीचा. कॅन्सर झाल्यावर हीच विमा कंपनी लाखांचं बिल भरेल, तो टाळणाऱ्या लसीला मात्र दमडी देणार नाही. मला हे अजिबात पटत नाही, पण आज नियम असा आहे.

आता एजंटची ओपीडी पॉलिसी, म्हणजे दाखल न होता घेतलेल्या उपचारांची. तुम्ही पाठवलेल्या माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात छापलंय: लसीकरण वर्षाला कमाल 5,000 रुपये, तेही पहिल्या 12 महिन्यांनंतर. हप्ता 9,500. म्हणजे दोन हप्ते मिळून 19 हजार भरायचे, तेव्हा 5 हजार हातात येणार, आणि तोवर मोठीचा तिसरा डोस वाढलेला. ही पॉलिसी घेऊ नका.

लसीचा विषय इथे संपला. तुमच्या पत्रातली खरी चूक मोठी आहे आणि ती तुम्ही विचारलेलीच नाही.

जुनी पॉलिसी सहा वर्षं चालली होती. शुगर निघाली ती पॉलिसी सुरू असताना, त्यामुळे त्या पॉलिसीच्या लेखी ती आधीचा आजार नव्हती. शिवाय पाच वर्षं पूर्ण झाली की फसवणूक सोडून दुसऱ्या कोणत्याही कारणासाठी विमा कंपनीला जुनी माहिती उकरून क्लेम अडवता येत नाही. हे सगळं तुमच्या पदरात होतं. नूतनीकरणाची सवलतीची मुदत केव्हाच उलटून गेली. आता नवी पॉलिसी काढाल तर तीच शुगर आधीचा आजार ठरेल आणि तिच्याशी संबंधित उपचारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागेल.

कंपनीचं कव्हर नोकरी आहे तोवर. पन्नाशीत नोकरी गेली किंवा प्लांट हलला तर त्या दिवशी तुमच्याकडे शुगर असेल, मेडिक्लेम नसेल. त्यात तीन लाखांत आज एक बायपाससुद्धा जेमतेम बसते.

आणि हे कशासाठी सोडलंत? गॅरंटीड प्लॅनसाठी. दहा वर्षं हप्ता भरायचा, म्हणजे 12 लाख. विसाव्या वर्षी 24 लाख मिळणार. ‘दामदुप्पट’ ऐकायला छान वाटतं. हप्ते टप्प्याटप्प्याने जातात, म्हणून पैसा सरासरी पंधरा वर्षं अडकतो. पंधरा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला पावणेपाच टक्के. पीपीएफ आज 7.1 देतो. भरलेला पहिला हप्ता पूर्ण बुडाला असं धरा आणि उरलेले नऊ पीपीएफमध्ये टाका. हाच दर राहिला तर विसाव्या वर्षी 30 लाखांच्या आसपास जमतात. मुलींचं भविष्य म्हणून असा प्लॅन गळ्यात मारणाऱ्यांची मला चीड येते.

तुमच्यामागे घराला मिळणार किती? प्लॅनच्या कागदावर 12 लाख. तुमचा घरखर्च बघता सव्वादोन वर्षांत संपतील.

दुसरा हप्ता पुढच्या महिन्यात आहे, तो भरू नका. 1 ऑक्टोबर 2024 नंतरच्या पॉलिसींना एक वर्ष पूर्ण झाल्यावरही सरेंडर रक्कम, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडल्यावर परत मिळणारे पैसे, मिळते, ती किती ते विमा कंपनीकडून लेखी घ्या. मोकळे झालेले 1 लाख 20 हजार आधी दहा लाखांच्या फॅमिली फ्लोटरला, म्हणजे सगळ्या घराच्या एकत्र मेडिक्लेमला, लावा. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढा भार हलका झालाय. मग किमान पन्नास लाखांचा टर्म इन्शुरन्स, म्हणजे तुमच्यामागे फक्त घराला पैसे देणारा विमा. शुगरमुळे हप्ता चढा लागेल, तरी घ्या. उरेल ते धाकटीच्या सुकन्या समृद्धी खात्यात. सध्या 8.2 टक्के आहे, पण खातं मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत उघडावं लागतं. तुमच्याकडे सहा महिने आहेत. मोठीसाठी पीपीएफ.

फ्लोटर काढण्याआधी एचआरकडून ग्रुप पॉलिसीची प्रत मागा आणि त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज करा. ग्रुपमध्ये काढलेली वर्षं प्रतीक्षाकाळात धरली जातात. मंजुरी कंपनीच्या हातात आहे, पण तीन वर्षांऐवजी कमी थांबायची तुमच्यासाठी हीच एक वाट आहे.

फॉर्मवर शुगर लिहा. किती वर्षांपासून, कोणती गोळी, शेवटचा एचबीए1सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) किती, सगळं लिहा आणि रिपोर्ट जोडा. लपवलीत तर दाखल झालेल्या दिवशी केसपेपरवर डॉक्टर ‘चार वर्षांपासून मधुमेह’ लिहितील, कंपनी तोच कागद पुढे करून क्लेम नाकारेल आणि पॉलिसीही रद्द करेल. सही तुमची असेल, एजंटची नाही. त्याच्याकडून पुढचा एकही कागद घेऊ नका.